कडेचे डाग

"आज न्हाई द्यायचं. आज आवस हाय," असं म्हणून आप्पांनी ट्रंकेचं झाकण लावलं.

माझा हात अजून पुढंच होता. नाशिकहून कोल्हापूर म्हणजे काही शेजारच्या गल्लीतलं घर नव्हे. एसटीनं अंगाचं पार भरीत झालेलं, पायाला मुंग्या आलेल्या, आणि हा म्हातारा मला अमावस्या सांगत होता.

"आप्पा, अहो कागदाला कसली आलीय अमावस्या?"

"कागदाला नसंल. घराला असती. आवसंला घरातली वस्तू उंबऱ्याभाईर घालवत न्हाईत आमच्यात. आमच्या आईनं ह्या दिवशी कुणाला इरजणसुदिक दिलं न्हाई कधी."

"मी काय विरजण मागायला आलेय?"

ते खो खो हसले. "ऱ्हावा की एक दिवस. उद्या उजाडल्यावर या आणि समदी घेऊन जावा. चित्रं काय पळून जात्यात व्हय?"

आता मी कोण आणि ती चित्रं कसली, ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई परक्या गावात परक्याच्या ट्रंकेपुढं बसून करतेय काय.

मी वृंदा देवरे. सातपूरला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात डिझाइन करायचे, अजून करते. आम्ही लहान होतो तेव्हा टीव्हीला लावायचे व्हिडिओ गेम आले होते. वरच्या खाचेत कॅसेट खोचायची आणि खेळायचं. माझा भाऊ रिमोट कुणाच्या हातात देत नसे, त्यामुळे माझ्या वाट्याला यायचं ते कॅसेटचं रिकामं खोकं. मी ते घेऊन बसायचे. आणि खरं सांगू का, आतल्या गेमपेक्षा वरचं खोकं लाख पटीनं भारी असायचं. टीव्हीवर चार चौकोन इकडून तिकडं उड्या मारायचे. खोक्यावर मात्र धुरळा, आग, घामानं चमकणारे दंड! पुढं पगार हातात यायला लागला तशी मी जुन्या बाजारातून, भंगारवाल्यांकडून ही खोकी गोळा करायला लागले. आई म्हणायची, "लोकांच्या पोरी सोनं जमवतात, आमची रद्दी जमवते."

त्यातलं 'तुफान बाईक' हे माझं सगळ्यात लाडकं खोकं. बाईकवाल्याच्या डोक्यावर हेल्मेट, हातात बंदूक, मागं लागलेला तीन डोळ्यांचा राक्षस, आणि पायात करकरीत कोल्हापुरी चपला! भावाला दाखवलं तर तो म्हणाला, "तुला काय करायच्यात त्याच्या चपला?" पण मला करायच्याच होत्या. हे चित्र काढणारा माणूस कुठला असेल, हे चपलाच सांगत होत्या. मग कधी सुटीला, कधी लग्नाकार्याला कोल्हापुरात गेले, की साइनबोर्ड रंगवणाऱ्यांना खोकं दाखवायचं आणि विचारायचं. असं विचारत विचारत शेवटी मंगळवार पेठेत गणपतराव मेस्त्री, म्हणजे हे आप्पा, सापडले. आणि त्यांच्या खाटेखालच्या ट्रंकेत त्या खोक्यांची मूळ चित्रं सापडली. छापलेली नव्हेत. हातानं रंगवलेली, जाड हँडमेड कागदावर, पोस्टर कलरमध्ये. कंपनीनं छापून झाल्यावर परत पाठवलेली आणि आप्पांनी जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेली.

ट्रंक उघडली तेव्हा मला रडूच आलं. हसू नका. ज्याच्या छापील पुठ्ठ्यासाठी मी भंगारात हात घातलेत, ते खरं चित्र समोर होतं आणि त्यातला लाल रंग अजून तसाच पेटलेला होता.

"रडतासा का काय?" आप्पांनी विचारलं. त्यांना दिसत नव्हतं. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते. पण कान तिखट.

"सर्दी झालीय," मी म्हणाले.

"आमच्याकडं ह्या सर्दीवर च्या असतोय," ते म्हणाले आणि त्यांनी आत सुनेला हाक मारली.

चहा झाल्यावर त्यांनी 'तुफान बाईक' मांडीवर घेतलं आणि बोटं फिरवायला लागले. रंग इतका जाड होता, की बोटाला कळत होता.

"हा धुरळा. हितं लई रंग चापलाय. ही फटफटी. आणि हा राक्षस. कंपनीचा माणूस मुंबईहून यायचा. म्हणायचा, एक माणूस हाय, फटफटीवर बसलाय, मागं राक्षस लागलाय. काढा. म्या म्हटलं, अहो पण खेळ कसला हाय ते तर दावा! म्हणला, दावायला आमच्याकडं बी अजून आलेला न्हाई."

"आणि चपला?"

"मग काय घालनार त्यो? बूट काढायला येत न्हवतं अशातला भाग न्हाई. पण अंगठा दिसला की पाय जिता वाटतो. बुटात काय, मेला का जिता, कळत न्हाई."

दुसऱ्या एका चित्रातलं अंतराळयान मला कायम ओळखीचं वाटायचं. विचारलं, तर तो उसाचा चरक निघाला. किल्ल्याच्या खेळावरचा किल्ला म्हणजे पन्हाळ्याचा तीन दरवाजा. मी हसून हसून बेजार.

मग मी कामाचं बोलले. बंगळुरूच्या एका डिझाइन कॉलेजात जुन्या खेळांच्या खोक्यांवरच्या चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं. तिथल्या मॅडमनी मला सांगितलं होतं, मूळ चित्र आणा, काचेत लावू, शेजारी पाटी लावू, चित्रकाराचं नाव, गाव, सगळं. नंतर चित्रं तिथंच वारा-ओल लागणार नाही अशी जपून ठेवू. फक्त एक अडचण होती. ह्याच खोक्यांची चित्रं आपण काढली असं म्हणणारे आणखी दोघं त्यांच्याकडे येऊन गेले होते. त्यामुळे मूळ चित्रावर सही असेल तरच नाव लागणार.

"आणि नसली तर?"

"तर पाटीवर लिहितात, चित्रकार अज्ञात."

"अज्ञात म्हंजी?"

"म्हणजे कुणी काढलं ते ठाऊक नाही."

आप्पांनी चित्रावरचं बोट उचललं. मग म्हणाले, "त्ये तर मी जनमभर हायेच की. दुकानांच्या पाट्या रंगवल्या, ट्रकांची मागली फळी रंगवली, क्यालेंडरं केली. कुठं नाव न्हाई. ह्या कंपनीनं तर बजावून सांगितलं व्हतं, सही करायची न्हाई, खोक्यावर नुसतं कंपनीचं नाव ऱ्हाईल." मग ते खाली वाकले, जणू खोलीत आणखी कुणी ऐकतंय. "बोट आणा हिकडं."

त्यांनी माझं बोट धरलं आणि चित्राच्या कडेला, छापल्यावर खोक्यावर येत नाही त्या मोकळ्या पट्टीवर नेलं. त्या पट्टीवर सगळीकडे रंगांचे डाग होते, निळे, तांबडे, पिवळे. रंग जमला का नाही हे बघायला चित्रकार कडेला घासून बघतात, तसे. एका तपकिरी डागात माझ्या बोटाला ओरखडे लागले.

"ओल्या रंगात ब्रशाच्या दांड्यानं वरबाडलंय. वाचा."

मी कागद खिडकीकडे धरला. 'गणपत मेस्त्री, कोल्हापूर.'

"समद्या चित्रांवर हाय. छापलेल्या कागदावर त्यांची कात्री हितनं जायची, म्हंजी खोक्यावर काय येनार न्हाई. डागात कुणाला दिसनार न्हाई. घरात बी कुणाला म्हाईत न्हाई. आता डोळं गेल्यापासनं दुपारी कुणी नसलं की ट्रंक उघडतो आणि वाचत बसतो." ते लहान मुलासारखे लाजले. "लागंल न्हवं नाव?"

"लागेल काय, ठळक लागेल! मी स्वतः उभी राहून लावून घेईन."

"सर्जाला घेऊन जाईन मग बंगळूरला. मला काय दिसनार न्हाई. पण त्यो वाचून दावंल."

सर्जा म्हणजे सर्जेराव, त्यांचा एकुलता मुलगा. शिरोलीला फाउंड्रीत होता.

मी कॅमेरा काढला आणि नेमकी लाइट गेली. लोडशेडिंगचे दिवस होते ते. खोलीत अंधारून आलं. फ्लॅश मारता आला असता, पण फ्लॅशनं जुने रंग विटतात असं मी कुठंतरी वाचलं होतं, आणि मी पडले जपणारी बाई. म्हटलं, सकाळी अंगणात चांगल्या उजेडात काढू. त्यावर आप्पांची अमावस्या निघाली आणि ट्रंकेचं झाकण पडलं.

दारात सर्जेराव भेटला. नुकताच कामावरून आलेला, अंगाला फाउंड्रीची काळी रेती, पण हसणं घरभर.

"ताई, बायकोनं फोनवर सांगितलं मला! आप्पाची चित्रं बंगळूरला जानार? आयला, कायतरीच की! तुमी काय बी काळजी करू नगासा. मी हाय न्हवं." मग तो आत गेला आणि मला मागून ऐकू आलं, "आप्पा, आधी पाय पसरा, तेल चोळतो. दिवसभर बसून आकडलं असतील."

सकाळी मी गेले तेव्हा आप्पा अंघोळ करून, धुतलेली बंडी घालून खाटेवर बसले होते. सर्जेरावनं रजा टाकली होती. टेबलावर नवीन टॉवेल अंथरला होता आणि टॉवेलावर चित्रांचा गठ्ठा. वर हळदीकुंकू, एक नारळ.

गठ्ठा चकाकत होता.

पहिल्यांदा मला कळलंच नाही. मी जवळ गेले. सगळी चित्रं प्लॅस्टिकमध्ये होती. चहूबाजूंनी घट्ट, कडक, चकचकीत. लॅमिनेशन.

"कसं हाय?" सर्जेराव म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं. "सकाळी लाइट आली तसा गेलो. दोस्ताचं दुकान हाय कोपऱ्यावर, उघडायला लावलं. आप्पाला बी सांगितलं न्हाई, म्हटलं एकदमच दावायचं. आता पाणी सांडू द्या, धूळ बसू द्या, झुरळ लागू द्या, शंभर वर्सं काय होत न्हाई! माझं दहावीचं सर्टिफिकेट असंच केलंय. पाव्हण्याच्या हातात वस्तू द्यायची ती अशी उघडीबोडकी कशी द्यायची, ताई?"

मी 'तुफान बाईक' उचललं. त्या मशीनच्या गरम रुळांखालून गेल्यावर पोस्टर कलर टिकत नाही. धुरळ्याचा जाड थर चेपला गेला होता. राक्षसाच्या एका डोळ्यावर बुडबुडा धरला होता. तांबडा रंग काळवंडला होता. तरी चित्र होतं. मी स्वतःला म्हटलं, वृंदे, चित्र आहे, ओरडू नकोस. मग माझी नजर कडेला गेली.

कड नव्हती. प्लॅस्टिकच्या आत कागद अगदी चित्रापाशी संपत होता.

"सर्जेराव, ह्याची कड?"

"ती व्हय? चित्र पाकिटात बसंना. ए-थ्रीच्या वरचं पाकीट त्याच्याकडं न्हवतं. मग कडंचं तेवढं कापलं. नुसतं डाग डाग पडलेलं घाण व्हतं ओ ते. चित्राला अजिबात धक्का लावला न्हाई. मी सवता उभा व्हतो. समदी एका मापाची केली, बगा, कशी सुबक दिसत्यात."

"अरे पण—"

माझ्या मनगटाला कुणीतरी धरलं. आप्पा होते. दिसत नसताना त्यांनी माझा हात कसा बरोब्बर पकडला कोण जाणे. इतका घट्ट, की बांगडी रुतली.

"दावा मला," ते म्हणाले.

मी चित्र त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांची बोटं वरून निघाली. धुरळ्यापाशी थांबली. तिथं काही लागलं नाही, सगळं गुळगुळीत. फटफटीपाशी थांबली. मग खाली उजव्या कोपऱ्याकडे गेली, कडेला लागली, कडेवरून पुढं आली आणि हवेत राहिली. त्यांनी वीत टाकली. डाव्या कडेपासून एक, दोन. पुन्हा टाकली. पुन्हा टाकली. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण मनगट सुटलेलं नव्हतं.

"कसं लागतंय, आप्पा?" सर्जेरावनं विचारलं.

"झकास केलंस, बाबा," आप्पा म्हणाले. "लई झकास. आता शंभर वर्सं बगाय नगो."

सर्जेरावची छाती फुगली. तो आत बायकोला म्हणाला, "बग, म्हटलं न्हवतं तुला? गोडाचं कर काहीतरी, ताईंना जेवल्याबिगर सोडायचं न्हाई."

आप्पांनी माझं मनगट सोडलं. मी म्हणाले, "मी जरा फोन करून येते, इथं रेंज नाही," आणि चपला नीट न घालताच सुटले.

कोपऱ्यावरचं दुकान लहानसंच होतं. झेरॉक्स, लॅमिनेशन, फॉर्म भरून मिळतील. गल्ल्यावर सर्जेरावच्या वयाचा एक माणूस पेपर वाचत होता.

"सकाळी चित्रं लॅमिनेट केलीत ना, त्याचं कातरण कुठाय?"

"कसलं कातरण?"

"कडेच्या पट्ट्या! कापलेल्या! रंगीत डागांच्या!"

"त्या व्हय? आईनं न्हेल्या की बंबाला. कागूद वाया घालवत न्हाई आमी. जाड कागूद व्हता, चांगला पेटला."

दुकानाच्या मागंच त्यांचं घर होतं. मी त्याला न विचारता आत घुसले. परसात तांब्याचा बंब होता. एक म्हातारी पाट मांडून बसली होती आणि बंबातून घंगाळ्यात पाणी काढत होती. मी गुडघ्यावर बसून खालच्या राखेत काटकी घातली. राख होती. काळ्या चुरगळलेल्या पापुद्र्यांवर कुठं निळसर झाक दिसली, बोट लावलं तर तीही विरली.

"काय हरवलं का बाई?" म्हातारीनं विचारलं. "कानातलं पडलं का काय?"

"नाही आजी, काही नाही," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

परत आले तर आप्पा एकटेच बाहेरच्या कट्ट्यावर येऊन बसले होते. माझी पावलं ओळखून त्यांनी विचारलं, "गावली?"

"नाही. बंबात गेली."

"असू द्या."

"असू द्या काय, आप्पा? तुमची सही गेली! सगळी गेली! मी सांगते सर्जेरावला. त्याला कळायला नको, त्यानं काय केलं ते?"

"न्हाई." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. मग खाली आला. "हितं बसा. ऐका माझं. त्याची आई गेल्यापासनं त्यो माझं समदं करतोय. मला आंघोळ घालतोय, नखं काढतोय. ताटात कुठं भात, कुठं आमटी, माझं बोट धरून दावतोय. मला वाटतंय, मी कायतरी मोठा चितारी व्हतो असं ह्या जगात फकस्त त्यालाच वाटत आलंय. आणि त्यानंच आपल्या हातानं माझं नाव कापलं, ह्ये त्याला सांगू? जनमभर हाताकडं बगत बसंल त्यो. मी त्याला वळखतो."

राग तर इतका आला होता, पण तो कुणावर काढायचा? पोरगा निष्पाप, म्हातारा शहाणा, आणि म्हातारी बिचारी अंघोळीचं पाणी तापवत होती.

"शबूद द्या मला. त्याला कदी कळता कामा नये. मी हाय तंवर न्हाई आणि मी गेल्यावर बी न्हाई."

"दिला," मी म्हणाले.

"आणि नाव? आता न्हाई लागायचं न्हवं?"

"मी बोलेन ना मॅडमशी. सगळं सांगेन. लागेल."

ते थोडं हसले. "बाई, तुमाला काल बी खोटं बोलाय जमत न्हवतं. सर्दी झालीय म्हनं."

जेवायला पुरणपोळी केली होती. सर्जेराव आग्रह करकरून वाढत होता. मी पोळीचे नुसते तुकडे करत बसले होते आणि तो म्हणत होता, "ताई, लाजतासा काय, आपलंच घर हाय." आप्पा मात्र नीट जेवले. मुलानं वाढलेली दुसरी पोळीही घेतली.

निघायची वेळ झाली तसं सर्जेरावला काहीतरी आठवलं.

"आप्पा, ताईंसाठी एक सही करा की चित्रावर! मोठी लोकं करत्यात तशी. माझ्याकडं मार्कर हाय, पुसत बी न्हाई त्यो." त्यानं 'तुफान बाईक' टेबलावर ठेवलं आणि आप्पांच्या हातात मार्कर दिला. "हितं करा, खाली, कोपऱ्यात."

आप्पांनी डाव्या हातानं कागद चाचपला. उजवा हात कोपऱ्याकडे नेला. आयुष्यभर जिथं करायचे, अगदी त्याच जागी. त्या हाताला अजून ती पट्टी ठाऊक होती. 'गण' एवढं प्लॅस्टिकवर उमटलं, मग मार्कर कडेवरून घसरला आणि टेबलावर उतरला, आणि हात थांबलाच नाही. 'पत मेस्त्री, कोल्हापूर' हे सगळं त्या टेबलाच्या सनमायकावर लिहिलं गेलं, टॉवेलाच्या बाजूला, सुंदर, ठसठशीत अक्षरात.

"आयला आप्पा!" सर्जेराव टाळी वाजवून हसला. "सही गेली की टेबलावर! आता काय, टेबल बी न्हेनार का काय ताई?"

सून हसली. आप्पाही हसले. मग मीही हसले. काय करता?

चित्रं घेऊन मी नाशिकला आले. बंगळुरूच्या मॅडमना त्यांचे फोटो पाठवले, तर त्यांनी आधी प्लॅस्टिकचंच विचारलं. प्लॅस्टिक काढता येतं का, म्हणून मी एका जाणकाराला विचारलं. तो म्हणाला, सोललं तर रंग प्लॅस्टिकबरोबर निघून येईल, तुमच्या हातात कोरा कागद उरेल. सहीचं मी परोपरीनं सांगितलं. म्हटलं, मी डोळ्यांनी पाहिली, माझ्या बोटानं चाचपली. मॅडम वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "वृंदाताई, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण चित्रं आपली म्हणणाऱ्या त्या दोघांचाही स्वतःवर आहेच ना? मी कागद कुठला दाखवू?" मी मार्करचं 'गण' दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे तर आत्ताचं आहे, आणि अर्धं आहे." मी भांडले, रडले, पुन्हा फोन केले. शेवटी त्यांनी उपकार केल्यासारखं एकच चित्र घेतलं, 'तुफान बाईक', आणि तेही प्लॅस्टिकसकट.

त्या भाद्रपदात आप्पा गेले. सर्जेरावनं फोन करून कळवलं. "लई शांत गेले," म्हणाला. "टेबल तसंच ठेवायला सांगितलंय त्यांनी. पुसायला गेलो तर म्हनाले, राहू दे. रोज तिथंच हात टेकून बसायचे ओ."

मला वाटलं होतं, आप्पाच नाहीत तर आता प्रदर्शनाला कोण जातंय? तारीखही मी त्याला कळवली नाही. पण त्यानं शोधून काढली. बायकोला आणि लहान पोरीला घेऊन, रजा टाकून तो बंगळुरूला गेला. पोरीला नवा फ्रॉक शिवला होता, आजोबांचं नाव बघायला.

दुपारी फोन आला. मागं माणसांचा गलका होता.

"ताई, मी हितं हाय. चित्रापुढं. गर्दी हाय हो चित्राला, पोरं फोटो काढत्यात, चपला बघून हसत्यात. पर आप्पाचं नाव न्हाई दिसत. मला वाटलं दुसरीकडं आसंल. पोरीनं पाटी वाचली, मराठीत बी हाय. चित्रकार... काय गं ते? अज्ञात." तो थांबला. "अज्ञात म्हंजी काय ओ, ताई?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हंजी तुमी नाव सांगितलंच न्हाई त्यानला?"

"सर्जेराव..."

"म्या सवता उभं ऱ्हाऊन चित्रं लॅमिनेट करून दिली तुमाला. नारळ ठेवून दिली. माझा बाप तुमाला 'लेकीगत हाय' म्हनायचा. आणि तुमी चित्रं न्हेली आणि नाव ठेवलं कोल्हापुरातच." त्याचा आवाज फुटला. "कंपनीवाल्यांनी तेच केलं, तुमी बी तेच केलंसा. काय फरक ऱ्हायला ओ तुमच्यात?"

एक वाक्य बोलले असते तर तो गप्प झाला असता. ते वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. आणि त्याच वेळी मला मनगटावर ती म्हाताऱ्याची पकड जाणवली.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

त्यानं फोन ठेवला. त्यानंतर त्यानं माझा फोन कधीच उचलला नाही.

ह्याला आता पुष्कळ वर्षं झाली. प्रदर्शन संपल्यावर 'तुफान बाईक' माझ्याकडे परत आलं. बाकीची चित्रंही माझ्याच कपाटात आहेत. प्लॅस्टिक पिवळं पडत चाललंय. कुणी विचारलं, कुणाची म्हणून, तर मी तोंडानं नाव सांगते. पण तोंडानं सांगितलेलं किती दिवस टिकणार?

म्हणून हे लिहायला बसले. निदान कुठंतरी छापलेलं राहील, असं मनात होतं. पण अर्ध्यावर आले आणि लक्षात आलं. सर्जेराव स्वतः काही गोष्टी वाचणारा नाही, पण त्याच्या गावात वाचणारे आहेत. खरं नाव लिहिलं तर कुणीतरी चहाच्या टपरीवर त्याला सांगणारच, अरे, तुझ्या बापाची गोष्ट आलीय. आणि मग त्या कडेचं काय झालं, तेही सांगणार.

म्हणून मी पेठ बदलली आहे. खेळाचं नाव बदललं आहे, मुलाचंही. आणि गणपतराव मेस्त्री हे त्यांचं नाव नव्हतं.